कागदावर अठ्ठ्याऐंशी

मी ग्लासनेव्हिनला गेले ती पार्नेलसाठी. आजोबांच्या कपाटात न. चिं. केळकरांचा ‘आयर्लंडचा इतिहास’ होता. टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढली, तो ‘होमरूल’ मुळात आयर्लंडचा आणि पार्नेल त्या चळवळीचा पुढारी, हेही लहानपणापासून डोक्यात बसलेलं. डब्लिनच्या उत्तरेकडच्या या दफनभूमीत पार्नेलच्या कबरीवर ओबडधोबड ग्रॅनाइटचा एक भला मोठा धोंडा आहे. त्यावर फक्त आडनाव कोरलंय, बाकी एक अक्षर नाही. बघून पटकन झालं. पण गाइड आम्हाला तिथून जुन्या दगडी भिंतीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, “पलीकडे कॅव्हनांचा पब आहे. खड्डा खणणारे दमले की भिंतीवर फावडं आपटायचे, आणि पलीकडून काळ्या स्टाउट बिअरचे ग्लास यायचे.”

गाइडच्या पोतडीत अशा दहा गोष्टी असतात, त्यातल्या तीन खऱ्या निघाल्या तरी पुष्कळ. बाकीची मंडळी हसली आणि पुढच्या मनोऱ्याकडे चालू लागली. माझ्या डोक्यात मात्र भिंतीपलीकडचा माणूस अडकला. खणणाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. ठोका ऐकून हातातलं काम टाकणारा, ग्लास भरणारा आणि तो न सांडता भिंतीपर्यंत नेणारा कोण होता, ते कुणी सांगत नाही.

भाचीला म्हटलं, संध्याकाळी तिथेच जाऊ.

“मावशी, तिथे गाणं नसतं हां,” ती म्हणाली. ती सहा वर्षं डब्लिनमध्ये नोकरी करते, त्यामुळे पाहुण्यांना काय दाखवायचं याची तिची यादी तयार असते. “तुला फिडलबिडल ऐकायचं असेल तर टेंपल बारला नेते. इथे टीव्हीसुद्धा नाही.”

टीव्ही नाही, हे ऐकून तर नक्कीच जायचं ठरवलं.

या पबाला कुणी मालकाच्या नावानं ओळखत नाही. पाटीवर ‘जॉन कॅव्हना’ असलं तरी सगळे ‘ग्रेव्हडिगर्स’च म्हणतात. कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ऑकॉनेल यांच्या खटपटीनं १८३२ साली ही दफनभूमी सुरू झाली. तोवर कॅथलिकांना आपल्या माणसाला आपल्या प्रार्थनेनं पुरायलाही अडचण होती. ही जागा मात्र कुठल्याही धर्माच्या माणसासाठी खुली ठेवली. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, तिच्या तेव्हाच्या फाटकाला लागून हा पब उघडला. धंद्याची जागा निवडणं याला म्हणतात. पुढे मुख्य फाटक दुसऱ्या रस्त्यावर गेलं, पब जागचा हलला नाही. आजही तो त्याच घराण्याकडे आहे. दफनभूमीत पुरलेल्यांची संख्या आता पंधरा लाखांच्या घरात गेलीय, म्हणजे आज डब्लिन महापालिकेच्या हद्दीत जेवढी जिवंत माणसं राहतात, त्याहून कितीतरी जास्त.

पबासमोर हिरवळीचा छोटा चौक आहे. जूनमधली संध्याकाळ होती. त्या दिवसांत तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक बाहेर गवतावर पसरलेलं. आत शिरताना दोन झुलती दारं ढकलावी लागतात. डोळे सरावायला वेळ लागतो, कारण आत सगळं लाकूड आहे आणि ते काळं पडलंय. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये काळोख मुद्दाम केलेला असतो, शेजारच्या टेबलावर ऑफिसातला साहेब दिसू नये म्हणून. इथला काळोख जुनाट आहे. भिंतीवर कड्या फेकायच्या खेळाची फळी आहे, बाकडी आहेत, मध्ये आडोसे आहेत. शोभेचं म्हणावं असं काही नाही. १९९० च्या दशकापासून डब्लिनमधल्या कंपन्या जगभर ‘आयरिश पब’ तयार करून पाठवतात. लाकूडकाम, जुन्या पाट्या, कृत्रिम धूळ खाल्लेल्या बाटल्या, सगळं बांधून मिळतं. मुंबई-पुण्यात बघितलेले आयरिश पब मला आठवले, मोठ्ठा पडदा आणि त्यावर क्रिकेट. इथे नुसता बोलण्याचा आवाज होता. आणि वास.

वासाचं सांगायला हवं. आयर्लंडनं २९ मार्च २००४ पासून पबात धूम्रपान बंद केलं. देशभर अशी बंदी आणणारा तो पहिला देश. तोवर पबाला धुराचाच वास असायचा, दुसरा कुठला कळायलाच वाव नव्हता. धूर गेला आणि खालचे वास वर आले. इथे आंबूस ओलं लाकूड नाकात जातं, तोटीखालच्या जाळीत साचलेली बिअर, आणि मधूनच आतून येणारा कांदा-बटाट्याच्या रश्श्याचा वाफाळ वास. तो कॉडल. सॉसेज, खारवलेलं डुकराचं मांस, कांदा आणि बटाटा एकत्र शिजवून केलेला डब्लिनचा गरिबाघरचा पदार्थ. दिसायला फिकट आणि केविलवाणा. भाचीनं एक वाडगं मागवलं आणि “दिसण्यावर जाऊ नकोस” असं म्हणून बरंचसं स्वतःच संपवलं.

मी काउंटरच्या कडेची जागा धरली. तिथून तोट्या दिसत होत्या आणि त्यांच्यामागचा माणूस.

साठीच्या आसपासचा. पांढरा शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, कमरेला काळा एप्रन. घरचा नव्हे, नोकरीतला. नाव सांगितलं आणि लगेच “छापू नका” म्हणाला. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच एका पबात बाटल्या धुवायला लागला होता. त्या काळी डब्लिनमध्ये बारमन होण्यासाठी रीतसर उमेदवारी करावी लागे आणि त्यांची स्वतःची कामगार संघटना होती.

भाचीनं त्याला विचारलं, “एकशे साडेएकोणीस सेकंद खरंच मोजता का हो?”

हा आकडा गिनेस कंपनीचा. आदल्या दिवशी ती मला सेंट जेम्सेस गेटच्या कारखान्यातलं प्रदर्शन दाखवून आली होती. आर्थर गिनेसनं १७५९ साली ती जागा ४५ पौंड वार्षिक भाड्यानं नऊ हजार वर्षांच्या करारावर घेतली, तीच ही. तिथे तुमचा चेहरा ग्लासातल्या फेसावर छापूनही देतात. मी छापून घेतला नाही, भाचीनं घेतला. तर तिथे सांगतात की पाइंट नीट भरायला ११९.५ सेकंद लागतात. शेवटचा अर्धा सेकंद हा जाहिरातवाल्याच्या हुशारीचा नमुना आहे. दोन मिनिटं म्हटलं असतं तर कुणी लक्षात ठेवलं नसतं.

बारमन म्हणाला, “मला मोजायला वेळ कुठे आहे?”

तेव्हा मला ते विनोदानं बोलल्यासारखं वाटलं. पुढचे दोन तास मी त्याचे हात बघत बसले, तेव्हा कळलं की तो हिशेब सांगत होता.

पाइंट भरायची रीत कुणीही सांगेल. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरायचा, दांडा आपल्याकडे ओढायचा, पाऊण ग्लास भरला की थांबायचं. आतलं वादळ शमू द्यायचं. मग ग्लास सरळ धरून, दांडा उलट दिशेला, म्हणजे गिऱ्हाइकाकडे ढकलायचा. तसं केलं की वायू कमी येतो, धार सावकाश पडते आणि फेस कडेच्या किंचित वर फुगून थांबतो.

ही दोन टप्प्यांची रीत खरं तर जुन्या अडचणीतून आलेली आहे. पूर्वी काउंटरवर दोन पिंपं असत, एक वर, एक खाली. एकातली स्टाउट ताजी आणि उसळती, दुसऱ्यातली निवलेली. आधी एकातली भरायची, फेस बसू द्यायचा, सुरीसारख्या पट्टीनं वरचा निपटायचा, मग दुसऱ्यातली घालायची. उसळती किती, निवलेली किती, हे बारमनच्या अंदाजावर. माझ्या बारमनला शिकवणारे म्हातारे त्या पिंपांवर वाढलेले. ते सांगायचे, म्हणे, की पिंपाचा स्वभाव रोज सकाळी नव्यानं ओळखावा लागतो. १९५९ मध्ये गिनेसच्या मायकेल अॅश या माणसानं तो प्रश्न सोडवला. त्यानं पिंपात नायट्रोजन घातला. आज साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण असतं, तोटीच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती असते, आणि त्यातून जाताना स्टाउटला तो सायीसारखा फेस येतो. गंमत म्हणजे अॅश शिक्षणानं गणितज्ञ. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ज्याची टी-चाचणी आपण घोकली, तो ‘स्टुडंट’ म्हणजे गिनेसमध्येच नोकरी करणारा विल्यम गॉसेट. आणि ग्लासातले बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली का जाताना दिसतात, याचं उत्तर २०१२ साली लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी दिलं.

ते बुडबुडे मी जवळून बघितले. ग्लास समोर ठेवला की आत गढूळ, बदामी, उकळल्यासारखं काहीतरी चाललेलं असतं, आणि काचेला लागून बारीक बुडबुड्यांचे पडदे सरसर खाली उतरत असतात. डोळ्यांवर विश्वास बसत नाही. कारण असं की ग्लास वर रुंद, खाली निमुळता असतो. बुडबुडे सरळ वर चढतात, त्यामुळे मधल्या भागात त्यांची दाटी होते आणि काचेलगत ते विरळ होतात. मधला प्रवाह वर उसळतो, कडेचा खाली येतो, आणि नायट्रोजनचे बुडबुडे इतके बारीक की तो त्यांना बरोबर ओढत नेतो. हळूहळू तळाकडून काळेपणा वर चढायला लागतो. बदामी पट्टा आक्रसत आक्रसत वर जातो आणि शेवटी काळं आणि पांढरं यांच्यामध्ये एक रेघ उरते. काळं म्हणतात खरं, पण उजेडाकडे धरलं तर गर्द माणकासारखं तांबडं दिसतं.

गिऱ्हाइकं हा सोहळा टक लावून बघतात. फोन काढून चित्रित करतात. कंपनी विकते ते हेच: थांबा, धीर धरा, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. बारमन मात्र एकदाही बघत नाही.

तो काय करतो ते सांगते. माझा पाऊण भरलेला ग्लास जाळीवर ठेवला आणि त्याच हालचालीत दुसरा तोटीखाली धरला. तो भरताना डाव्या हातानं कुणाचे तरी सुटे पैसे परत दिले. तिसरा ग्लास. चौथा धरताना तो पहिल्याकडे वळला, पण डोळे दाराकडे, कारण तिघं नवे आत आले होते आणि त्यांतल्या एकाला तो ओळखत होता. त्यानं नुसती भुवई उचलली, समोरच्यानं दोन बोटं दाखवली. पाचवा, सहावा. मधल्या वेळात वाडगी उचलली, काउंटर पुसला, एका म्हाताऱ्याला कोट चढवायला मदत केली. सात ग्लास एका रांगेत, प्रत्येक वेगळ्या अवस्थेत, एक पूर्ण गढूळ, एक अर्धा काळा, एक जवळजवळ निवलेला. आणि कुठला कुणाचा आणि कितवा, हे सगळं डोक्यात. एक तव्यावर, एक पोळपाटावर, एक निखाऱ्यावर फुगतेय अशा पोळ्या करणाऱ्या बाईच्या हातांची मला आठवण झाली. तिला कुणी ‘पोळी फुगेपर्यंत धीर धरा’ असं प्रदर्शनात शिकवलेलं नसतं.

सारखी नजर जात होती ती दांडा पुढे ढकलणाऱ्या त्याच्या दोन बोटांकडे. तर्जनी आणि मधलं बोट. मूठ नाही, जोर नाही. तोंडानं कुणाशी तरी हर्लिंगच्या सामन्याबद्दल बोलणं चालू, मान तिकडे वळलेली, आणि बोटं अगदी सावकाश दांडा लोटतायत. फेस कडेच्या वर चढतो, एक थेंबही ओघळत नाही, दांडा जागेवर. मी विचारलं, न बघता कसं कळतं? म्हणाला, आवाजावरून. ग्लास भरत आला की धारेचा आवाज बदलतो. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. एवढ्या गलबल्यात मला काहीच ऐकू आलं नाही. भिंतीवरचा ठोका ऐकणाऱ्या माणसाची गोष्ट तेवढ्यापुरती मला खरी वाटली.

नऊच्या सुमाराला तोटी फुरफुरली, फेस थुंकली आणि बंद पडली. पिंप संपलं होतं. तो तळघरात उतरला, काही मिनिटांनी वर आला. कपाळावर घाम. पुसत पुसत म्हणाला, “अठ्ठ्याऐंशी.”

“काय अठ्ठ्याऐंशी?”

“एका पिंपात अठ्ठ्याऐंशी पाइंट.” मग डोळा मारून, “कागदावर.”

पिंप ५० लिटरचं, पाइंट ५६८ मिलिलिटरचा. भागून बघा, अठ्ठ्याऐंशी येतात. भरलेलं पिंप साठ किलोंच्या वर जातं. पण हातात अठ्ठ्याऐंशी कधीच पडत नाहीत. जोडताना पहिला ग्लास फेसाचा जातो. संपताना शेवटचा जातो. नळ्या धुतल्या की त्यातला माल जातो. एखाद्या ग्लासाला लिपस्टिकचा किंवा तेलकट बोटाचा डाग राहिला तर फेस बसतच नाही, तो ओतून द्यावा लागतो. कुणी तरी नवा पोरगा घाईनं भरतो, तेही जाळीतच. मालक मात्र, त्यानं आधी काम केलेल्या एका ठिकाणचा, अठ्ठ्याऐंशीचाच हिशेब मागायचा. “कागदाला फेस नसतो,” म्हणाला.

मी तिथेच पेपर नॅपकिनवर गुणाकार केला. अठ्ठ्याऐंशी गुणिले ११९.५ सेकंद, म्हणजे १०,५१६ सेकंद, म्हणजे तीन तासांना पाच मिनिटं कमी. कंपनी सांगते तसा एकेक पाइंट डोळे भरून बघत, एकामागून एक भरला तर एक पिंप संपायला तीन तास लागतील. त्या संध्याकाळी माझ्यासमोर लागलेलं दुसरं पिंप दीड तासही टिकलं नाही. मधला वेळ कुठून आला? तो त्या दोन बोटांतून आला. धीर धरायचा तो गिऱ्हाइकानं. ज्याच्या नावावर तो धीर विकला जातो त्याला उसंत म्हणून मिळत नाही.

हे मी त्याला जरा सौम्य करून म्हटलं. त्यावर तो ‘होली अवर’बद्दल सांगायला लागला. १९२७ च्या दारू कायद्यानं डब्लिन आणि कॉर्कमधले पब दुपारी अडीच ते साडेतीन बंद ठेवायचा नियम आणला. हेतू असा की जेवायच्या सुट्टीत आलेला कामगार पुन्हा कामावर जावा. लोक त्या नियमाला शिव्या घालत. कुलूप लागायच्या आधी आत शिरून बसणं हा तर खेळच होता. १९८८ मध्ये सोमवार ते शनिवारचा हा नियम रद्द झाला, शहरानं आनंद केला. “आमची जेवायची सुट्टी तीच होती,” तो म्हणाला.

गुड फ्रायडेचं तसंच. त्याच १९२७ च्या कायद्यानं त्या दिवशी पब बंद. आपल्याकडच्या ड्राय डेसारखंच, आदल्या दिवशी दुकानांसमोर रांगा. २०१८ साली ती बंदी उठली. पर्यटकांची गैरसोय होत होती, जुनाट धार्मिक बंधन होतं, सगळं खरं. मीही उठवायच्याच बाजूनं बोलले असते. पण आता वर्षातला एक नाताळ सोडला तर पबांना कायद्यानं सक्तीची सुट्टी नाही. गेल्या चाळीस वर्षांत पिणाऱ्याला जी जी मोकळीक मिळाली, ती बारमनच्या सुट्टीतून कापून दिलेली आहे. यावर कुणी निबंध लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

म्हणून काही पबाचा जुना काळ सोन्याचा होता असं म्हणायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण मी बसले होते तिथेच होतं. काउंटरपाशी, एकटी बाई, हातात अख्खा पाइंट. माझ्या वयाच्या आयरिश बाईच्या आईला हे जमलं नसतं. पुष्कळ पबांत बायकांना घेत नसत. घेतलंच तर त्यांनी ‘स्नग’ नावाच्या आडोशाच्या खोलीत बसायचं, आणि प्यायचा तो अर्धा ग्लास. पाइंट पुरुषाचा. १९७० च्या दशकात पत्रकार नेल मॅकॅफर्टी आणि तिच्या मैत्रिणींनी डब्लिनच्या एका पबात जाऊन ब्रँडीचे तीस पेले मागवले. ते आल्यावर एक पाइंट मागितला. पाइंट मिळणार नाही म्हटल्यावर ब्रँडी पिऊन टाकली आणि, मागितलेलं सगळं दिलं नाही म्हणून, पैसे न देता निघून गेल्या. बायकांना म्हणून नाकारणं कायद्यानं बंद झालं ते २००० सालच्या समान दर्जा कायद्यानं. परवा परवाची गोष्ट. आडोशाचं लाकूड सुंदर असतं, पण ते कशासाठी होतं हेही बघावं.

दहाच्या सुमाराला काळ्या कपड्यांतलं एक कुटुंब आत आलं. सकाळी पलीकडे कुणाला तरी निरोप देऊन, दिवसभर कुठेतरी एकत्र बसून, आता इथे. आपल्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ, घरात चूल नाही, शेजारून पिठलं-भात. इथे मयताच्या माणसांनी पबात यायचं, हे इतकं सरावाचं की कुणी वळूनही बघितलं नाही. गावाकडे तर काही पबमालक अंत्यविधीची व्यवस्थाही बघतात. मला वाटलं बारमन आवाज खाली आणेल, हात हातात घेईल. त्यानं तसलं काही केलं नाही. “सहा का?” एवढंच विचारलं. सहा ग्लास रांगेत लावले. त्यांतल्या थोरल्या मुलानं पैसे काढले, तर त्याच्या काकानं ते बाजूला सारून स्वतःचे दिले. तिथे राउंडची पद्धत आहे, एकानं सगळ्यांसाठी घ्यायचं, पुढच्या वेळी दुसऱ्यानं. आपली पाळी आली की निघून जाणाऱ्या माणसाचं नाव डब्लिनमध्ये कायमचं खराब होतं. आणि सहा माणसांची पाळी म्हणजे सहा पाइंट. दोनच प्यायला आलेला माणूस सहा पिऊन जातो. या प्रथेचं मला कौतुकही वाटतं आणि भीतीही.

भीती उगाच नाही. या देशानं दारूपायी पुष्कळ भोगलंय आणि त्याला ते ठाऊक आहे. १८३८ पासून फादर मॅथ्यूंनी लाखो लोकांना दारू न पिण्याची शपथ दिली होती. अगदी अलीकडे, २०२३ साली, दारूच्या बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापायचा नियम आयर्लंडनं केला आणि मग त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. दुसरीकडे पबही मिटतायत. २००५ पासून जवळपास दोन हजार बंद झाले, बहुतेक खेड्यांतले. पब बंद झाला म्हणून पिणं बंद होत नाही, लोक सुपरमार्केटातून नेऊन घरी पितात, जिथे “आता पुरे” म्हणायला काउंटरमागे कुणी नसतं.

त्या रात्री तो ते म्हणाला, एकदाच. बाहेर गवतावरून आलेल्या एका तरुणानं आणखी दोन मागितले. बारमननं त्याच्याकडे बघितलं, ग्लासाला हात लावला नाही, पाण्याचा जग पुढे सरकवला आणि म्हणाला, “हे घे, मग बोलू.” पोरगा हसला, पाणी प्यायला, परत आला नाही. ना वाद, ना आवाज. या कामातला सगळ्यात अवघड पाइंट मला तोच वाटतो, न भरलेला. प्रदर्शनात तो शिकवत नाहीत, आणि अठ्ठ्याऐंशीच्या हिशेबातही तो धरलेला नसतो.

“तुम्ही स्वतः किती घेता?” मी विचारलं.

“मी? थेंब नाही. कधीच नाही.”

भाची चकित झाली. तिला गाडी चालवायची होती म्हणून ती बिनअल्कोहोलची ‘झिरो’ घेऊन बसली होती आणि त्या खोलीत आपण एकट्याच कोरड्या आहोत असं तिला वाटत होतं. पण जुन्या डब्लिनमध्ये न पिणारे बारमन पुष्कळ असत. ‘पायोनियर’ नावाची न पिणाऱ्या कॅथलिकांची संघटना १८९८ पासून आहे, आणि तिची पिन कोटाला लावून जन्मभर दारू वाढलेली माणसं त्यानं बघितली होती. तो संघटनेतला नाही. “बापानं माझ्या वाटचीही पिऊन ठेवली,” एवढंच म्हणाला आणि दोन बोटांनी दांडा पुढे ढकलला.

कायद्यानं सोमवार ते गुरुवार साडेअकराला विक्री बंद, पुढे अर्धा तास हातातलं संपवायला. गिऱ्हाइकाची रात्र तिथे संपते. बारमनची पुढे आणखी तासभर चालते: जाळ्या उपसायच्या, तोट्या पुसायच्या, ग्लास धुवायचे, बाकडी उलटी घालायची, आणि किती पिंपं लागली ते वहीत लिहायचं.

डब्लिनला गेलात तर जरूर जा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तिथे काउंटरवर टिप द्यायची पद्धत नाही, त्यामुळे तिनं काही भरून निघेल या समजात राहू नका. दुसरी, आणखी एक हवा असेल तर ग्लास रिकामा व्हायची वाट बघू नका. तिसरा हिस्सा उरला की सांगून ठेवा. म्हणजे तो तुमचा ग्लास आपल्या सोयीनं रांगेत लावू शकतो. नेहमीची गिऱ्हाइकं असंच करतात.